‘इमॅन्सिपेट’साठी दर वेळी ‘मुक्त करणे’ चालेल का?

पानगळ

नमस्कार.

गेले काही महिने मी एका इंग्रजी पुस्तकातील काही प्रकरणांचा मराठी अनुवाद करीत आहे. माणसांवरील माणसांची सत्ता कशी निर्माण झाली आणि कायद्याने ती कशी सैल होत गेली, हा त्या प्रकरणांचा विषय असल्यामुळे ‘इमॅन्सिपेट’ हे क्रियापद त्यांत जवळजवळ प्रत्येक पानावर येते. सुरुवातीला फारसा विचार न करता मी सर्वत्र ‘मुक्त करणे’ असे लिहीत गेले आणि वाचताना ते कोठे खटकलेही नाही. तिसऱ्या प्रकरणापाशी आल्यावर मात्र मागचे सगळेच पुन्हा तपासावे लागेल असे वाटू लागले, म्हणून हा प्रश्न येथे मांडत आहे.

माझ्यापुढील वाक्यांचा आशय सांगते. पहिल्या वाक्यात ब्रिटिश संसदेच्या १८३३च्या कायद्याने वसाहतींमधील गुलामांना ‘इमॅन्सिपेट’ केले, असे म्हटले आहे. तेथे ‘मुक्त केले’ सहज बसते. दुसऱ्या वाक्यात एका न्यायालयाने सोळा वर्षांच्या मुलीला तिच्या आईवडिलांपासून ‘इमॅन्सिपेट’ केले आहे. ‘न्यायालयाने मुलीला आईवडिलांपासून मुक्त केले’ असे मी लिहिले, तर तिला घरात डांबून ठेवले होते असा वाचणाऱ्याचा समज होईल, आणि मूळ मजकुरात तसे काहीही नाही. तिसऱ्या वाक्यात एक चित्रकार आपल्या गुरूच्या शैलीपासून स्वतःला ‘इमॅन्सिपेट’ करतो. चौथ्या वाक्यात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या ‘इमॅन्सिपेटेड’ स्त्रीचा उल्लेख आहे, आणि तेथे ‘मुक्त स्त्री’ असे लिहिण्यास मन धजत नाही, कारण मराठीत ती शब्दजोडी ज्या सुरात उच्चारली जाते तो सूर लेखकाच्या मनात मुळीच नाही.

शब्दकोशात ‘फ्री’, ‘लिबरेट’, ‘रिलीज’ आणि ‘मॅन्युमिट’ ही सगळी क्रियापदे एकमेकांचे अर्थ म्हणून दिलेली सापडतात, त्यामुळे एका शब्दावरून दुसऱ्यावर आणि दुसऱ्यावरून पुन्हा पहिल्यावर येण्यापलीकडे हाती काही लागत नाही. या क्रियापदाचा स्वतःचा गाभा कोणता, तो इतरांपासून कोठे वेगळा पडतो, आणि मराठीत एकच प्रतिशब्द धरून ठेवण्याचा आग्रह सोडावा का, याविषयी जाणकारांनी सविस्तर लिहिल्यास मी ऋणी राहीन.

मूळाक्षर

पानगळ, तुम्ही दुसऱ्या वाक्याशी अडलात हे चांगलेच झाले, कारण या क्रियापदाचा सर्वांत जुना अर्थ नेमका त्याच वाक्यात जपला गेला आहे. गुलामांविषयीचा अर्थ आज आपल्याला मूळचा वाटतो, परंतु तो नंतरचा आहे. हा शब्द मुळात घरातल्या मुलासाठी होता.

लॅटिन भाषेत ‘मानुस’ म्हणजे हात आणि ‘कापेरे’ म्हणजे धरणे, घेणे. या दोहोंपासून ‘मान्सिपियम’ हा शब्द झाला. त्याचा अर्थ ताबा किंवा मालकी असा होता, आणि ज्याच्यावर असा ताबा आहे त्या गुलामालाही तोच शब्द वापरीत असत. आपला ‘हस्तगत’ हा शब्द याच्या इतका जवळचा आहे की तो उच्चारल्यावर ‘मान्सिपियम’ची कल्पना वेगळी समजावून सांगावी लागत नाही. या शब्दाला ‘बाहेर’ या अर्थाचा उपसर्ग लागून ‘एमान्सिपारे’ हे क्रियापद तयार झाले, म्हणजे जो हस्तगत आहे त्याला त्या स्थितीतून बाहेर काढणे.

रोमन कायद्यात कुटुंबप्रमुख पित्याची सत्ता मुले मोठी झाली तरी संपत नसे. मुलगा चाळिशीला आला, त्याला स्वतःची मुले झाली, तरी पिता हयात असेपर्यंत तो पित्याच्या सत्तेखाली राही आणि त्याने मिळवलेले धन सामान्यतः पित्याचे मानले जाई. ही सत्ता पित्याच्या हयातीतच संपवायची असेल, तर त्यासाठी जो मार्ग काढला गेला तो मला कायद्याच्या इतिहासातील अत्यंत कल्पक मार्गांपैकी एक वाटतो. इ. स. पू. ४५०च्या सुमाराच्या ‘बारा पाट्यां’च्या कायद्यात असा नियम होता की, पित्याने मुलाला तीन वेळा विकले तर मुलगा पित्याच्या सत्तेतून सुटतो. पुढच्या काळातील कायदेपंडितांनी याच नियमाचा आधार घेऊन मुलाला स्वतंत्र करण्याचा विधी रचला. पिता आपल्या विश्वासातील एखाद्या माणसाला मुलाची नाममात्र विक्री करीत असे. त्या वेळी पाच प्रौढ रोमन नागरिक साक्षीला उभे राहत, सहावा तराजू धरीत असे, आणि विकत घेणारा काशाचा तुकडा त्या तराजूवर आपटून ताबा घेत असे. घेणारा मग मुलाला सोडून देई, मुलगा पुन्हा पित्याच्या सत्तेखाली येई, आणि विक्री पुन्हा होई. तिसऱ्या विक्रीने पित्याची सत्ता कायमची तुटे. मुलींसाठी आणि नातवंडांसाठी एकच विक्री पुरत असे. सहाव्या शतकात सम्राट जस्टिनियनने हा विधी काढून टाकला आणि अधिकाऱ्यासमोर केलेले निवेदन पुरेसे ठरवले.

गुलामाला सोडण्यासाठी रोमन लोकांचा शब्द वेगळा होता. ‘मानुस’ म्हणजे हात आणि ‘मित्तेरे’ म्हणजे पाठवणे, जाऊ देणे. या दोन शब्दांपासून इंग्रजीत ‘मॅन्युमिट’ आले. हे काम मालकाने करायचे असे. अधिकाऱ्यासमोर, नागरिकांच्या गणनेत गुलामाचे नाव नोंदवून, अथवा मृत्युपत्राने, अशा तीन जुन्या रीती होत्या. मृत्युपत्राने सोडण्याचे प्रमाण इतके वाढले की इ. स. पू. २ मध्ये एका कायद्याने त्यावर मर्यादा घातली आणि मालकाचे गुलाम कितीही असले तरी १००पेक्षा अधिकांना अशा रीतीने सोडता येणार नाही, असे ठरवले. शिवाय सुटलेला गुलाम पूर्वीच्या मालकाचा आश्रित राहत असे आणि त्याच्याविषयीची काही कर्तव्ये त्याला पार पाडावी लागत.

आता इंग्रजीकडे येऊ. ‘इमॅन्सिपेट’ हे क्रियापद इंग्रजीत सतराव्या शतकात रुजले आणि हळूहळू मुलापुरते मर्यादित न राहता ज्याच्यावर कोणाचाही मान्यताप्राप्त अधिकार आहे अशा प्रत्येकासाठी वापरले जाऊ लागले. ‘मान्यताप्राप्त’ या शब्दावर मी जाणीवपूर्वक भर देत आहे, कारण माझ्या मते या क्रियापदाचा गाभा तेथेच आहे. धरणाऱ्या हाताला कायद्याने किंवा रूढीने अधिकार दिलेला होता आणि तो अधिकारच आता काढून घेतला गेला, असे ज्या वेळी सांगायचे असते त्या वेळी इंग्रजी लेखक हा शब्द निवडतो. म्हणून अपहरण झालेल्या माणसाला कोणी ‘इमॅन्सिपेट’ करीत नाही, कारण अपहरणकर्त्याचा हक्क कोणी कधी मानलेलाच नसतो. २५ ऑगस्ट १९४४ रोजी पॅरिस आणि २७ जानेवारी १९४५ रोजी ऑशविट्झची छळछावणी यांच्या संबंधात इंग्रजीत ‘लिबरेट’ येते, कारण तेथे बळाने बसवलेली पकड बळाने उठवली गेली. शिक्षा भोगून सुटलेला कैदी ‘रिलीज’ होतो. त्याला शिक्षा देण्याचा शासनाचा अधिकार शाबूत राहतो, फक्त त्याची मुदत संपलेली असते.

‘लिबरेट’च्या मुळाशी असलेला ‘लिबेर’ हा शब्द स्वतंत्र असण्याची स्थिती दाखवतो. त्यात हाताची किंवा पकडीची प्रतिमा नाही. याच शब्दाचे ‘लिबेरी’ हे अनेकवचन लॅटिनमध्ये ‘मुले’ या अर्थाने रूढ होते, म्हणजे घरातील गुलामांहून वेगळी, स्वतंत्र म्हणून जन्मलेली मुले. ज्यांचे नावच ‘स्वतंत्र’ त्यांनाही पित्याच्या हातातून बाहेर पडण्यासाठी तीन वेळा विकले जावे लागे, ही गोष्ट मला दर वेळी थांबून विचार करायला लावते.

दोनओळी

वरील उत्तरात पुष्कळ काही आले आहे, त्यामुळे मी केवळ मराठीच्या बाजूने एक मुद्दा मांडतो.

आपल्याकडे ‘सोडणे’ आणि ‘सोडवणे’ ही दोन निरनिराळी क्रियापदे आहेत आणि अनुवाद करताना आपण त्यांचा पुरेसा लाभ घेत नाही. ज्याच्या हातात पकड आहे तो सोडतो, आणि पकडीबाहेरचा कोणी तरी सोडवतो. ‘मालकाने गुलामाला सोडले’ आणि ‘कायद्याने गुलामाला मालकापासून सोडवले’ या दोन वाक्यांत कर्ता कोठे उभा आहे हे मराठी वाचकाला क्रियापदावरूनच कळते. ‘मॅन्युमिट’ म्हणजे सोडणे आणि ‘इमॅन्सिपेट’ म्हणजे बहुतेक ठिकाणी सोडवणे, असा ढोबळ नियम मी तरी मनाशी ठेवला आहे. ‘बहुतेक’ अशासाठी म्हटले की, रोमन पिता सोडणारा होता आणि सोडवणाराही तोच होता.

तिसऱ्या वाक्यातील चित्रकारासाठी ‘सोडवून घेणे’ हा प्रयोग पाहावा. ‘त्याने गुरूच्या शैलीतून स्वतःला सोडवून घेतले’ या वाक्यात ती शैली वाईट होती असा आरोप येत नाही, तिची पकड मात्र जाणवते, आणि सुटण्याचे श्रम कोणी केले हेही कळते. ‘स्वतःला मुक्त केले’ यात हे तिन्ही हरवते. जाता जाता, गणित सोडवणे आणि इंग्रजीतील ‘सॉल्व्ह’ यांच्या मुळाशी गाठ सैल करण्याची एकच कल्पना आहे, कारण लॅटिन ‘सॉल्वेरे’ म्हणजे सैल करणे. दोन दूरच्या भाषांना अवघड प्रश्न हा गाठीसारखाच दिसावा, याचा मला फार आनंद होतो.

कायदेवाचक

पानगळ यांच्या पहिल्या आणि दुसऱ्या वाक्यांविषयी लिहितो, कारण या दोन्ही ठिकाणी कायद्याचा तपशील न पाहता शब्द निवडला तर अनुवाद वाचनीय होईल आणि तरीही चुकेल.

आधी दुसरे वाक्य. काही देशांच्या कायद्यांत सज्ञान होण्याचे वय येण्यापूर्वीच मुलाला किंवा मुलीला आईवडिलांच्या अधिकाराखालून बाहेर काढण्याची तरतूद आहे आणि तिला आजही हेच नाव आहे. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात किमान १४ वर्षांचे मूल यासाठी न्यायालयाकडे अर्ज करू शकते. आपण पालकांच्या संमतीने वेगळे राहत आहोत आणि आपला आर्थिक व्यवहार स्वतः सांभाळत आहोत, हे त्याला दाखवून द्यावे लागते. फ्रान्सच्या नागरी संहितेतही १६ वर्षे पूर्ण झालेल्या मुलासाठी अशी तरतूद आहे. यात आईवडिलांचा दोष सिद्ध होण्याची गरज नसते. त्यांचा अधिकार संपतो आणि त्याबरोबर सांभाळ करण्याची त्यांची जबाबदारीही सामान्यतः संपते. तुमच्या ‘मुक्त केले’मध्ये नेमकी हीच दुसरी बाजू दिसत नाही. अशी मुलगी सर्व बाबतींत सज्ञान होते असेही नाही, कारण मतदानासारख्या गोष्टींसाठी ठरलेले वय तिलाही लागू राहते. म्हणून ‘न्यायालयाने तिला सज्ञान ठरवले’ हा सोपा वाटणारा पर्याय टाळावा. ‘न्यायालयाने सोळा वर्षांच्या त्या मुलीवरील आईवडिलांचा पालकाधिकार संपुष्टात आणून तिला स्वतःच्या निर्णयांपुरते स्वतंत्र केले’ असे लांब वाक्य लिहावे लागले तरी चालेल. ज्या संज्ञेच्या पोटात संपूर्ण कायदेशीर स्थिती आहे, ती मराठीत एका शब्दात मावली नाही तर तो अनुवादकाचा उणेपणा मानू नये.

पहिले वाक्य तुम्हाला सहज बसल्यासारखे वाटते, पण तेथे तारखांची अडचण आहे. १८३३चा कायदा १ ऑगस्ट १८३४ रोजी अमलात आला. त्या दिवशी सहा वर्षांखालील मुले तेवढी ताबडतोब स्वतंत्र झाली. बाकीच्यांना ‘अप्रेंटिस’ असे नाव देऊन ठरावीक वर्षे पूर्वीच्याच मालकांकडे बहुतांशी विनावेतन राबण्याचे बंधन घालण्यात आले, आणि ही व्यवस्था १ ऑगस्ट १८३८ रोजी संपली. इंग्रजी लेखक १८३३, १८३४ आणि १८३८ या तिन्ही वर्षांच्या संदर्भात हाच शब्द वापरताना आढळतात, कारण कायदेशीर अधिकार काढून घेण्याची ती एक लांबलेली प्रक्रिया होती. त्यामुळे तुमचे वाक्य ‘१८३३ साली गुलाम मुक्त झाले’ असे होऊ देऊ नका. शिवाय ईस्ट इंडिया कंपनीच्या ताब्यातील प्रदेश या कायद्यातून वगळलेले होते, तेव्हा ‘सर्व वसाहती’ असेही लिहू नये.

या कायद्याने २ कोटी पौंडांची भरपाई मंजूर केली आणि ती गुलामांना न देता मालकांना दिली. मूळाक्षर यांनी ‘मान्यताप्राप्त अधिकार’ असे जे म्हटले आहे त्याचा याहून कठोर पुरावा मला सुचत नाही. धरणाऱ्या हाताचा हक्क इतका मान्य होता की तो काढून घेताना त्याची किंमत मोजली गेली, आणि ज्यांची आयुष्ये त्या हातात गेली त्यांना काही देणे लागते असे त्या कायद्याला वाटले नाही. रशियात १८६१ साली भूदासांना याच शब्दाने वर्णिलेले स्वातंत्र्य मिळाले, तेव्हाही त्यांनी आपल्या वाट्याच्या जमिनीची किंमत ४९ वर्षांच्या हप्त्यांनी फेडावी असे ठरले होते. ‘मुक्ती’ हा शब्द आपल्याकडे मोक्षाच्या शेजारी बसलेला असल्यामुळे तो उच्चारताच सर्व बंधने एका क्षणात गळून पडल्यासारखे वाटते. या घटनांमध्ये तसे झाले नव्हते, आणि अनुवादाने ते तसे झाल्याचे भासवू नये अशी माझी मनापासून विनंती आहे.

‘ॲबॉलिश’ या क्रियापदाशी होणारी गल्लतही येथेच दूर करावी. त्याचे कर्म गुलामगिरी असते, तर ‘इमॅन्सिपेट’चे कर्म माणसे असतात. गुलामगिरी रद्द होते आणि माणसे सुटतात. अब्राहम लिंकन यांच्या १ जानेवारी १८६३च्या घोषणेने बंड केलेल्या राज्यांतील गुलाम स्वतंत्र असल्याचे जाहीर केले, परंतु संघराज्यात राहिलेल्या गुलामधारक राज्यांना ती लागू नव्हती, आणि गुलामगिरी ही संस्था डिसेंबर १८६५मध्ये मंजूर झालेल्या तेराव्या घटनादुरुस्तीने रद्द झाली. त्या घोषणेला जगभर ‘इमॅन्सिपेशन’च्या नावाने ओळखतात, पण स्वातंत्र्य देणारे तिच्यातील मुख्य वाक्य साध्या ‘फ्री’ या शब्दावर उभे आहे.

शेवटी प्रयोगाविषयी. इंग्रजीतील कर्मणी वाक्यासाठी ‘मुक्त केले गेले’ असे लिहू नये, कारण ते कानाला परके लागते. ‘मुक्त झाले’ आणि ‘मुक्त करण्यात आले’ हे दोन्ही पर्याय आपल्याकडे आहेत आणि त्यांत फरक आहे. ‘करण्यात आले’मध्ये मागे कोणी अधिकारी सत्ता आहे हे सूचित होते, म्हणून कायद्याच्या संदर्भात ते अधिक योग्य. ज्या गुलामांनी पळून जाऊन स्वतःची सुटका केली त्यांच्यासाठी मात्र ‘मुक्त करण्यात आले’ कधीही वापरू नये. त्यांच्याविषयी इतिहासकार ‘सेल्फ-इमॅन्सिपेशन’ असे लिहितात, कारण सुटकेचे कर्तेपण त्यांच्याकडेच राहावे असा त्यांचा आग्रह असतो, आणि तो मला पूर्णपणे पटतो.

उंबरठा

चौथ्या वाक्याविषयी अद्याप कोणी लिहिले नाही, म्हणून थोडे लिहिते.

‘मुक्त स्त्री’ लिहिण्यास तुमचे मन धजत नाही ते बरोबरच आहे. ‘मुक्त’ हे विशेषण मराठीत ‘मुक्त अर्थव्यवस्था’, ‘मुक्त छंद’ अशा ठिकाणी निर्मळ असते, पण स्त्रीच्या आधी आले की बोलणाऱ्याची नापसंती त्यात मिसळते. ‘स्त्रीमुक्ती’ हा शब्द आदराचा आहे, परंतु तो विसाव्या शतकातील चळवळीचा शब्द आहे आणि इंग्रजीतील ‘लिबरेशन’ला तो अधिक जवळचा आहे. एकोणिसाव्या शतकातील इंग्रजी लेखन ‘इमॅन्सिपेशन’ म्हणते तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे प्रामुख्याने कायद्याने लादलेली अपात्रता असते. इंग्लंडच्या जुन्या कायद्यानुसार विवाहित स्त्रीची कायदेशीर ओळख पतीच्या ओळखीत सामावलेली मानली जात असे आणि तिची मालमत्ता मोठ्या प्रमाणात पतीच्या ताब्यात जाई. विवाहित स्त्रीला स्वतःच्या नावाने मालमत्ता बाळगण्याचा पूर्ण हक्क १८८२च्या कायद्याने मिळाला. त्या काळात धार्मिक गटांसाठीही हाच शब्द होता. ब्रिटनमध्ये कॅथलिकांना संसदेत बसण्याचा मार्ग खुला करणारा १८२९चा कायदा याच नावाने ओळखला जातो, आणि तेथे कोणी गुलामही नव्हते आणि कैदीही नव्हते.

म्हणून तुमच्या वाक्यात लेखकाला कायदेशीर स्थिती अभिप्रेत असेल तर ‘स्वतःचे हक्क मिळालेली स्त्री’ असे लिहावे, आणि तिची वृत्ती अभिप्रेत असेल तर ‘रूढींची पकड न मानणारी’ किंवा ‘स्वतंत्र बाण्याची स्त्री’ असे लिहावे. ‘स्वतंत्र बाण्याची’ हे मला विशेष आवडते, कारण त्यात कौतुक आहे.

मूळाक्षर यांना एक विचारायचे आहे. रोमन विवाहाच्या एका प्रकारात पत्नी पतीच्या ‘मानुस’मध्ये जाते, असे मी वाचले आहे. आपल्याकडील ‘पाणिग्रहण’ या शब्दाशी त्याचा संबंध जोडता येईल का?

मूळाक्षर

उंबरठा, तुम्ही वाचले ते बरोबर आहे. त्या प्रकारच्या विवाहात पत्नी पतीच्या कायदेशीर सत्तेखाली जात असे, आणि त्या सत्तेचे नावच ‘हात’ असे होते. ‘पाणिग्रहण’ मात्र मी त्याच्याजवळ आणणार नाही. तो विवाहविधीतील प्रत्यक्ष हात हातात घेण्याच्या कृतीचा शब्द आहे, तर ‘मानुस’ हे एका अधिकाराचे नाव आहे. दोन्हींत हात आहे एवढ्यावरून त्यांना एका पंक्तीला बसवले, तर आपण ज्या काटेकोरपणासाठी ही चर्चा करीत आहोत तोच सुटेल.

जेथे खरा संबंध आहे असा एक शब्द सांगतो. इंग्रजीतील ‘फ्री’ आणि आपला ‘प्रिय’ हे एकाच इंडो-युरोपीय मुळापासून आलेले मानले जातात, आणि ‘फ्रेंड’ हाही त्याच कुळातला आहे. घरातील जी माणसे आपली, जिव्हाळ्याची, ती गुलामांहून वेगळी, आणि म्हणून स्वतंत्र, असा अर्थ जर्मेनिक भाषांत सरकत गेला असावा, असे भाषाभ्यासक सांगतात.

पानगळ

सर्वांचे मनःपूर्वक आभार. काल रात्री बसून चारही वाक्ये नव्याने लिहिली. पहिले असे झाले आहे: ‘ब्रिटिश संसदेच्या १८३३च्या कायद्याने वसाहतींमधील गुलामांवरचा मालकांचा हक्क संपवण्यास आरंभ झाला.’ मूळ वाक्यात ‘आरंभ’ नाही, परंतु पुढच्याच परिच्छेदात लेखकाने १८३८ चा उल्लेख केला असल्यामुळे मी हे स्वातंत्र्य घेतले आहे. दुसऱ्यासाठी ‘पालकाधिकार संपुष्टात आणून’ ही रचना जशीच्या तशी घेतली. तिसऱ्यात ‘सोडवून घेतले’ आले आणि ते वाक्य मला आता मूळ मराठीत लिहिल्यासारखे वाटते. चौथ्यात ‘स्वतंत्र बाण्याची’ ठेवले आहे.

एक शंका उरली आहे. पाचव्या प्रकरणात जॉर्ज वॉशिंग्टन यांनी १७९९ साली मृत्युपत्राने आपल्या गुलामांना ‘मॅन्युमिट’ केल्याचा उल्लेख आहे, आणि त्याच परिच्छेदात ‘मॅन्युमिशन’ हे नाम चार वेळा येते. ‘हस्तमुक्ती’ असा नवा शब्द घडवावा का?

मूळाक्षर

घडवू नये असे मला वाटते. ‘मुक्तहस्त’ या शब्दाने मराठीत उदारपणाचा अर्थ आधीच व्यापलेला आहे, त्यामुळे ‘हस्तमुक्ती’ वाचणाऱ्याचे मन आधी दानधर्माकडे जाईल आणि मग गोंधळेल. क्रियापदासाठी दोनओळी यांनी सुचवलेले ‘सोडणे’ वापरावे, आणि नामासाठी पहिल्या ठिकाणी ‘मालकाने स्वेच्छेने दिलेली दास्यातून मोकळीक’ असे पूर्ण लिहून पुढील तीन ठिकाणी नुसते ‘मोकळीक’ लिहावे. ‘मोकळीक’ ही देणाऱ्याच्या मर्जीने मिळते, ही छटा त्या शब्दात आहेच आणि येथे ती हवीही आहे.

त्या परिच्छेदात आणखी एक गोष्ट तपासून घ्या. वॉशिंग्टन यांच्या मृत्युपत्रातील मुख्य अट अशी होती की गुलामांना स्वातंत्र्य पत्नीच्या निधनानंतर मिळावे. डिसेंबर १७९९मध्ये त्यांचे निधन झाले, आणि मार्था वॉशिंग्टन यांनी स्वतःच्या निधनाची वाट न पाहता १ जानेवारी १८०१ रोजी त्या गुलामांना सोडले. मार्था यांच्या पहिल्या पतीच्या मालमत्तेतून आलेले गुलाम यात नव्हते, कारण त्यांना सोडण्याचा कायदेशीर अधिकार दोघांपैकी कोणालाही नव्हता. त्यामुळे ‘१७९९ साली सोडले’ असे न लिहिता ‘१७९९च्या मृत्युपत्राने सोडण्याची तरतूद केली’ असे लिहा, आणि ‘आपल्या गुलामांना’ यातील ‘आपल्या’ हा शब्द काढू नका.